मुलांच्या जांघेतील फुगवट्याला पट्टा हा उपाय नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोलापूरच्या पूर्व भागात अंगणवाडी सेविका म्हणून काम करून मी निवृत्त झाले. गेल्या वर्षी माझा सात महिन्यांचा नातू रडला, की त्याच्या उजव्या जांघेत फुगवटा येई आणि तो झोपला, की नाहीसा होई. वडीलधाऱ्यांनी, इतकेच काय एका डॉक्टरांनीही, ‘मोठा झाला की जाईल’ असे सांगितले आणि आम्ही पट्टा बांधत राहिलो. एका रात्री ती गाठ दगडासारखी घट्ट झाली, बाळाला उलट्या सुरू झाल्या. आतडे अडकले होते. बालशल्यचिकित्सकांनी ते हलक्या हाताने आत सरकवले आणि दोन दिवसांनी दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया केली.

बेंबीचा फुगवटा बहुधा आपोआप जातो, जांघेतला हर्निया मात्र जात नाही, हा फरक इतकी वर्षे बालकांत काम करूनही मला ठाऊक नव्हता, याची खंत वाटते. गर्भात वृषण पोटातून खाली उतरताना पोटाच्या अस्तराची एक पिशवी सोबत येते. तिचे तोंड जन्माच्या सुमारास मिटले नाही, तर त्यातून आतडे उतरते. मोठ्यांसारखी जाळी मुलांना बसवावी लागत नाही, ते तोंड टाक्याने बंद केले की पुरते. दुर्बीण बेंबीतून आत जाते, त्यामुळे दुसऱ्या बाजूचे तोंडही उघडे आहे का, हे त्याच वेळी दिसते. नातवाचे डावीकडचेही उघडे निघाले आणि एकाच भुलेत दोन्ही बंद झाली. तरीही जांघेत लहान छेद घेऊन होणारी जुनी शस्त्रक्रिया मुळीच कमी प्रतीची नाही. दुर्बिणीसाठी कोणी महिनोन्महिने थांबू नये. आतडे अडकण्याचा धोका पहिल्या वर्षात, त्यातही अपुऱ्या दिवसांच्या बाळांत, सर्वाधिक असतो. मुलींमध्ये हा आजार कमी आढळतो, पण त्यांच्या पिशवीत अंडाशय उतरू शकते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा तपासणीला येतात. त्या वेळी बाळ शांत असेल, तर गाठ दिसतच नाही. म्हणून फुगवटा आला असतानाच मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढून ठेवण्यास सेविकांनी मातांना सांगावे आणि पथकाने प्रत्येक आईला ‘बाळ रडताना जांघेत फुगवटा येतो का?’ हा प्रश्न आवर्जून विचारावा. विड्या वळून घर चालवणाऱ्या आईचा एक दिवस बुडाला, तरी मजुरी जाते. बालशल्यचिकित्सक कोणत्या वारी, कोठे भेटतात आणि दुर्बिणीची सोय कोठे आहे, याचा फलक आरोग्य विभागाने प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात मराठी, तेलुगू व कन्नडमध्ये लावावा, ही विनंती.

— एक निवृत्त अंगणवाडी सेविका, सोलापूर