पुरस्काराच्या अर्जात तालुक्याचे साप्ताहिक कुठे बसते?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, म्हणून तो दिवस आपण पत्रकार दिन मानतो आणि त्याच्या मागेपुढे नाशिक जिल्ह्यात ठिकठिकाणी पत्रकारांचे सत्कार व पुरस्कार होतात. त्यांच्या बातम्या मी दरवर्षी आवर्जून वाचतो. ज्यांना पुरस्कार मिळाले त्यांच्या कामाविषयी माझी काहीही तक्रार नाही. परंतु तालुक्याच्या गावातून निघणारी साप्ताहिके आणि लहान दैनिके या यादीत फार क्वचित दिसतात. असे का घडते, याचा थोडा अनुभव गाठीशी असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

मी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो. तालुक्यातील साप्ताहिकाचा प्रत्येक अंक जपून ठेवायचा आणि वर्ष संपले की त्याची फाइल बांधून घ्यायची, हा आमच्या वाचनालयाचा शिरस्ता होता. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने मला आपल्या पत्रकारिता पुरस्काराच्या निवड समितीवर घेतले. मोठ्या दैनिकांच्या वार्ताहरांच्या प्रवेशिका अत्यंत नीटनेटक्या होत्या: पाच भागांची वृत्तमालिका, सोबत नकाशे, संपादकांचे शिफारसपत्र आणि बातमीनंतर प्रशासनाने काढलेल्या आदेशाची प्रत. त्यांच्याच खाली आमच्या साप्ताहिकाच्या संपादकांनी हाताने लिहिलेला अर्ज आणि टाचणी लावलेली चार कात्रणे होती. त्यांतील कोणत्याही बातमीवर नाव नव्हते, नुसते ‘वार्ताहर’ असे छापलेले होते. स्वतःच्या नावानिशी प्रसिद्ध झालेले लेखनच ग्राह्य धरावे असा नियम असल्यामुळे ती प्रवेशिका छाननीतच बाजूला पडली आणि परीक्षकांनी ती वाचलीही नाही. मी त्या बैठकीत काही बोललो नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

घरी परतल्यावर मी वाचनालयात जाऊन त्या वर्षाची फाइल काढून वाचली. डोंगरातल्या एका पाड्याच्या पाण्याविषयी त्या साप्ताहिकाने वर्षभर लिहिले होते. फेब्रुवारीत विहिरीने तळ गाठल्याची सहा ओळींची बातमी होती. एप्रिलमध्ये टँकरचा प्रस्ताव पंचायत समितीत अडकल्याचे छापले होते. मे महिन्यात टँकर आला, तेव्हा नोंदवहीतल्या खेपा आणि गावकऱ्यांनी मोजलेल्या खेपा जुळत नसल्याचे लिहिले होते. पावसाळा सुरू झाला, बाकी सर्वांचे लक्ष दुसरीकडे गेले, तरी नळयोजनेची टाकी अर्धवट उभी असल्याचे हे साप्ताहिक सांगत राहिले आणि दिवाळीनंतरही सांगत राहिले. यांतली कोणतीही एक बातमी पुरस्कारासाठी पाठवण्याजोगी नव्हती. मात्र ती सगळी सलग वाचली की एका सरकारी योजनेचा वर्षभराचा प्रवास डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि तो दुसऱ्या कोणत्याही वर्तमानपत्रात सापडत नाही.

बातमीवर नाव का नसते, हेही समजून घेतले पाहिजे. अशा साप्ताहिकाचा संपादक, मुद्रक, प्रकाशक आणि मालक एकच असतो. तोच बातमी आणतो, तोच मुद्रिते तपासतो, जाहीर नोटिसांचे पैसे वसूल करतो आणि अंकांचे गठ्ठे एसटीत चढवतो. अंकातल्या प्रत्येक बातमीवर स्वतःचेच नाव कसे छापावे, असा संकोच त्याला वाटतो; शिवाय तो ज्या गावात राहतो तिथेच सरपंच, ठेकेदार आणि ग्रामसेवकही राहतात, त्यामुळे गावोगावच्या बातमीदारांची नावे तो मुद्दाम झाकून ठेवतो. म्हणजे जी गोष्ट त्याने सावधगिरीने आणि कर्तव्यबुद्धीने केली, तिनेच तो पुरस्काराच्या निकषांतून बाद होतो.

याहून मला अधिक बोचणारी गोष्ट आहे ती मूळ बातमीची. कांद्याच्या लिलावातील गैरप्रकार असो, आश्रमशाळेतील निकृष्ट जेवण असो की वनहक्काचे रखडलेले दावे असोत, अनेकदा पहिली बातमी तालुक्याच्या पत्रात येते. काही दिवसांनी ती जिल्हा आवृत्तीच्या वार्ताहराच्या नजरेस पडते. तो गावात जातो, छायाचित्रे घेतो, अधिकाऱ्यांची बाजू मिळवतो आणि बातमी विस्ताराने लिहितो. यात गैर काहीच नाही, उलट त्यामुळेच बातमी मंत्रालयापर्यंत पोहोचते. पण पुरस्काराच्या अर्जात ‘हा विषय प्रथम कोठे प्रसिद्ध झाला’ असा रकाना मी तरी पाहिलेला नाही. तो एक रकाना घातला आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे लागले, तर पुष्कळ अन्याय आपोआप दूर होईल. मोठ्या दैनिकाचा पुरस्कार त्यामुळे कमी होणार नाही. पहिल्या बातमीदाराचे नाव मात्र मानपत्रात येईल.

लहान पत्रांचा दर्जाच कमी असतो, असे काही जण म्हणतात. भाषेच्या चुका असतात, वाढदिवसांच्या जाहिराती असतात, हे मी नाकारत नाही. पण नाशिक विभागातल्याच तरवडी या नेवासे तालुक्यातील खेड्यातून मुकुंदराव पाटील यांनी ‘दीनमित्र’ चालवला. १९१० साली सुरू झालेले हे पत्र पाच दशकांहून अधिक काळ निघत राहिले, आणि बहुजन समाजाच्या इतिहासाचा अभ्यास आजही त्याच्या अंकांवाचून होत नाही. आपल्या काळात बुंदेलखंडात २००२ मध्ये ग्रामीण स्त्रियांनी सुरू केलेल्या ‘खबर लहरिया’ या वृत्तपत्राला २००४ मध्ये महिला पत्रकारांसाठीचा चमेली देवी जैन पुरस्कार आणि २००९ मध्ये युनेस्कोचा साक्षरता पुरस्कार मिळाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ‘पॉइंट रेज लाइट’ या साप्ताहिकाला १९७९ मध्ये लोकसेवेचे पुलित्झर, म्हणजे तिथले पत्रकारितेचे सर्वांत मानाचे पारितोषिक मिळाले. आयोवा राज्यातील ‘स्टॉर्म लेक टाइम्स’ हे तेव्हा आठवड्यातून दोनदा निघणारे, जेमतेम ३,००० खपाचे कौटुंबिक पत्र. पाण्यातील नायट्रेटच्या प्रदूषणावरून चाललेल्या खटल्यात जिल्हा प्रशासनाच्या बचावाचा खर्च कोण करते आहे, हे त्याने विचारले आणि २०१७ मध्ये अग्रलेखांचे पुलित्झर मिळवले.

या शेवटच्या उदाहरणाचा मी पुष्कळ विचार केला. तो पुरस्कार अग्रलेखांसाठी होता, आणि अग्रलेखात लहान-मोठी वर्तमानपत्रे खरोखर एका पातळीवर येतात, कारण तिथे अभ्यास, धाडस आणि भाषा लागते. शोधवृत्तासाठी मात्र महिनोन्महिने एका माणसाला मोकळे ठेवावे लागते, वकिलाचा सल्ला घ्यावा लागतो, प्रवासाचा खर्च लागतो. तेव्हा पुरस्काराचा विभाग कोणता ठरवला, यावरच निम्मा निकाल ठरतो. आपल्याकडील बहुतेक पुरस्कारांत शोधवृत्त, वृत्तमालिका आणि छायाचित्र यांवर भर असतो. स्थानिक अग्रलेखासाठी किंवा वर्षभराच्या पाठपुराव्यासाठी पुरस्कार असल्याचे मला आढळले नाही.

राज्य शासनाने विभागवार पुरस्कार ठेवले आणि नाशिक विभागाचा पुरस्कार ‘गांवकरी’ या नाशिकच्या दैनिकाचे दादासाहेब पोतनीस यांच्या नावाने दिला, हे योग्यच आहे, त्यामुळे मुंबई-पुण्याशी थेट स्पर्धा टळते. परंतु विभागाच्या आतही नाशिक शहरातील मोठ्या दैनिकाची आवृत्ती आणि सुरगाण्याचे साप्ताहिक यांच्यात पुष्कळ अंतर आहे. केंद्र सरकार जाहिराती देताना २५,००० पर्यंत खपाचे पत्र लहान, ७५,००० पर्यंतचे मध्यम आणि त्यापुढील मोठे मानते. जाहिरातींसाठी चालणारी ही विभागणी पुरस्कारांसाठी का चालू नये? लहान पत्रांची वेगळी पंगत मांडली तर त्यांना दुय्यम मानल्यासारखे होईल, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून परीक्षक तेच असावेत, रक्कम तीच असावी, व्यासपीठ तेच असावे आणि त्या पुरस्काराला ‘उत्तेजनार्थ’ हा शब्द कधीही लावू नये.

अर्ज स्वतःच करण्याची अटही शिथिल व्हावी. जो माणूस छपाईच्या दिवशी जेवायलाही घरी जाऊ शकत नाही, तो तीन प्रतींत प्रस्ताव कधी तयार करणार? तालुक्यातील वाचनालये, शाळा, शेतकरी गट यांना शिफारस करण्याचा अधिकार द्यावा. शिफारस करणाऱ्याने चार कात्रणे न पाठवता वर्षाची संपूर्ण फाइल पाठवावी आणि परीक्षकांपैकी किमान एकाने ती पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत वाचावी. पैसे भरले की ‘राष्ट्रीय पुरस्कार’ देतो, असे सांगणारे दूरध्वनी याच संपादकांना येत असतात. खऱ्या संस्थांनी दार उघडले नाही, तर थकलेला माणूस अशा विकतच्या पुरस्कारांच्या दाराशी जातो, हे मी जवळून पाहिले आहे.

नाशिकमधील ज्या संस्था येत्या पत्रकार दिनासाठी निकष ठरवत असतील, त्यांनी आपल्या अर्जात निदान ‘प्रथम प्रसिद्धी’चा रकाना आणि वर्षभराच्या फाइलीची सोय एवढे दोन बदल यंदाच करावेत, अशी माझी विनंती आहे. आमच्या तालुक्याच्या साप्ताहिकाच्या बांधीव फाइली वाचनालयात आजही सुस्थितीत आहेत. एखाद्या समितीने आपल्यामार्फत कळवल्यास त्या घेऊन मी स्वतः नाशिकला येईन आणि परीक्षकांचे वाचून होईपर्यंत थांबेन.

आपला नम्र,
एक निवृत्त ग्रंथपाल
जि. नाशिक