पेटीवाल्या काकांना, काळी चारकडून

ती. काका,
सा. न.

पत्र असं उघड्यावर लिहितेय, कारण तुमच्याकडे अजून बटणांचाच फोन आहे, आणि दुकानात समोर बसून हे बोलायला गेले तर तुम्ही "बरं, भाता हाणून दाखव" म्हणून विषय बदलणार. कुणीतरी वाचून दाखवेलच तुम्हाला.

आमचं गाणं आता बऱ्यापैकी चालतं, काका. ख्यालाची बंदिश, खाली ड्रम, गिटार आणि मधे आजोबांची पेटी. मुलाखतीत हमखास विचारतात, जुन्या-नव्याचा मेळ कसा घातलात? मी गुरुजींचं नाव घेते, ते बरोबरच आहे. शाळेत असताना शुभा मुद्गल यांची पॉप गाणी टीव्हीवर लागायची आणि आमच्या घरात दोन तट पडायचे, तेही सांगते. कुमार गंधर्वांकडे आणि अभिषेकीबुवांकडे शिकलेली बाई हे गाते, यात बाबांना अधोगती दिसायची आणि आईला मजा. तुमचं नाव मात्र दर वेळी राहतं. पेटीच्या आतली रीड, म्हणजे सूर देणारी पितळी जीभ, कानशीने घासण्याची गोष्ट दोन मिनिटांत सांगता येत नाही.

तर आज सांगते. पहिलं रेकॉर्डिंग मुंबईतल्या एका स्टुडिओत केलं. भूप रागातली, मध्यम गतीच्या तीनतालाची बंदिश होती. सोळा मात्रा म्हणजे चार-चारचे चार बार, ठेका चपखल बसला, आणि आम्हाला वाटलं जिंकलं. तिथे माझा आवाज ऑटोट्यूनमधून काढला, एकेक सूर उचलून कीबोर्डच्या घरात बसवला. ऐकताना काहीतरी टोचत होतं, पण काय ते सांगता येईना, आणि स्टुडिओचं भाडं तासावर.

ग्वाल्हेरला परत आले ती पेटीचं चामडं बदलायला महाराज बाडा चौकामागच्या तुमच्या गल्लीत. तुम्हाला गिऱ्हाइकाचं नाव कधी आठवत नाही, तो कुठल्या पट्टीत गातो ते आठवतं. माझा सा पेटीच्या चौथ्या काळ्या बटणावर, म्हणून "या काळी चार" म्हणालात. मी हौसेने हेडफोन तुमच्या कानाला लावला. सरसाने चिकट झालेल्या बोटांनी तुम्ही तो अर्ध्यातच काढलात.

"भूपात मध्यम कोण गातंय?"

"मी नाही, काका."

"मग कोण?"

गिटार. कॉर्ड म्हणजे एकदम छेडलेले तीन सूर, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, पण कान खोटं बोलेना. पॉपमधली नेहमीची तीन कॉर्ड घेतली की दुसऱ्या कॉर्डमध्ये म-ध-सां येतात आणि तिसऱ्यात प-नी-रें. म्हणजे भूपात जे दोन सूर वर्ज्य, नेमके तेच मागच्या दाराने घरात. आम्ही चौघं महिनाभर तालीम करत होतो, एकाच्याही लक्षात आलं नव्हतं!

मग तुम्ही पुन्हा ऐकलंत आणि म्हणालात, "आणि हा गंधारही तुझा नाही." हे मला जास्त लागलं. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य सूरच गंधार. तानपुऱ्याच्या खरजातून, म्हणजे खालच्या सा च्या तारेतून, जो आपोआप उमटतो, तो कीबोर्डच्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट खाली असतो, म्हणजे अर्ध्या स्वराचा जेमतेम सातवा हिस्सा. धैवत सुमारे 16 खाली. मला हे आकडे नंतर पुस्तकात सापडले. तुम्ही नुसतं "उकडलेला वाटतो" म्हणाला होतात. मी तिकडे गळ्याने खालचाच लावला होता, मशिनने तो वर ढकलला.

पेटीतला गंधारही तसलाच, वर बसलेला. तुम्ही विचारलंत, ही पेटी दुसऱ्या कुठल्या पट्टीत वाजवणार आहेस का? कारण एका पट्टीसाठी उतरवलेला सूर दुसऱ्या पट्टीत बेसूर लागतो. नाही म्हटल्यावर झाकण उघडलंत. काळी चारचा गंधार म्हणजे पांढरी एक, धैवत म्हणजे पांढरी चार. डबल सुरांची पेटी, एकेका सुराला दोन-दोन रीड. पितळेची जीभ टोकाशी घासली की सूर चढतो, रिव्हेटजवळ घासली की उतरतो. तुम्ही रिव्हेटजवळ दोन हात मारायचात, रीड परत बसवायचात, ऐकायचात. मी तानपुरा छेडत बसले होते. सकाळची संध्याकाळ झाली. पैसे पूर्ण घेतलेत, तेही मोजून, हे इथे नोंदवून ठेवते, नाहीतर लोक तुम्हाला संत करतील.

घरी मात्र बाबा दोन दिवस बोलले नाहीत. आजोबा माधव संगीत महाविद्यालयात शिकलेले, त्यांच्या पेटीला कानस लावली म्हणजे काय! मी रडवेली होऊन तुमच्याकडे आले, तर तुम्ही हसलात. ही पेटी युरोपातून आली, म्हणालात, आणि ती आपल्या गाण्याला चालत नाही म्हणून रेडिओने 1940 पासून 1971 पर्यंत तिला दारात उभं केलं नव्हतं. "तिच्या पोटात शिरून बघितलेला मी पहिला नाही. बाबांना चहाला घेऊन ये." बाबा आले. तुम्ही त्यांना भूप वाजवायला लावलात. ते काही बोलले नाहीत, पण पेटी घरी स्वतः उचलून नेली.

गाणं आम्ही नव्याने बांधलं. गिटार आता फक्त सा आणि प धरते, गंधाराची जागा मोकळी ठेवते, आणि तिथे मी आणि पेटी असतो. ऑटोट्यून बंद. गिटारवाला पहिले काही दिवस म्हणायचा, मला काही कामच उरलं नाही. मग मेळ्यात वाजवलं त्या रात्री, कडाक्याच्या थंडीत, तो स्वतःहून दोन आवर्तनं गप्प बसला.

2023 मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून मान दिला तेव्हा मला ढीगभर मेसेज आले, जणू मीच तानसेन. (त्याच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणतात, तो लहानपणी मीही चघळलाय. आंबट लागतो, बाकी काही होत नाही.) तेव्हा पहिला फोन तुम्हाला करायला हवा होता. केला नाही, त्याबद्दल रागवा.

भाता परत फुसफुसतोय. दिवाळीत घेऊन येते. चामडं काय ते बदला, पांढरी एकला मात्र हात लावू नका.

तुमची,
काळी चार