नस वाळलेली नाही, बाबा

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

चक्करसाठी काढलेल्या मेंदूच्या एमआरआयच्या रिपोर्टचा फोटो मिळाला. बाबा, ‘हायपोप्लास्टिक’ शब्दाखाली तुम्ही लाल पेनाने दोन रेघा मारल्यात आणि पुढे तीन प्रश्नचिन्हं. मास्तरकी काही सुटत नाही! पाकीट देताना काउंटरवरचा माणूस ‘मेंदूची नस वाळलीय’ म्हणाला, हे आईने काल दबक्या आवाजात सांगितलं. त्याचं काम पाकीट देण्याचं, तेवढंच करायचं होतं त्याने.

वाळलेली नाही. ‘हायपोप्लास्टिक’ म्हणजे पहिल्यापासूनच बारीक. मानेतून मेंदूकडे चार रोहिण्या, म्हणजे रक्त नेणाऱ्या नसा, जातात, दोन पुढून, दोन मागून मणक्यांमधून. मागच्या दोघींपैकी तुमची उजवी बारीक, डावी जाड. असा फरक पुष्कळांना जन्मतःच असतो. म्हणजे हीच रोहिणी घेऊन तुम्ही इतकी वर्षं सिंहगड चढलात.

दुसरी ओळ, ‘डावी पोस्टिरिअर कम्युनिकेटिंग दिसत नाही.’ म्हणजे मागची डावी जोडरोहिणी. मेंदूच्या तळाशी या चारही रोहिण्या अशा बारीक जोडरोहिण्यांनी एकमेकींना मिळतात आणि एक कडं तयार होतं. थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने १६६४ साली आपल्या पुस्तकात त्याचं वर्णन केलं. त्या पुस्तकातली बरीचशी चित्रं क्रिस्टोफर रेनची, लंडनचं सेंट पॉल चर्च बांधणाऱ्याची (बाबा, हे तुमच्यासाठी). पण चित्रातल्यासारखं पुरं कडं निम्म्याहून जास्त लोकांत नसतंच. शिवाय फार बारीक नळीतलं संथ रक्त एमआरआयला कधीकधी दिसतच नाही.

खडकवासला धरणातून पाणी सोडलं की नदीवरचा भिडे पूल बुडतो आणि नारायण पेठेची तारांबळ उडते, कारण रोजचा रस्ता गेला. जिथे पूल कधी बांधलाच नाही, तिथे कोण अडकतंय? बुजलेली रोहिणी म्हणजे बुडालेला पूल. तुमच्या रिपोर्टात तसं काही नाही. शेवटच्या ओळीपर्यंत लाल पेन पोचलाच नाही: कुठे अडथळा नाही, रोहिणीला फुगा नाही, स्ट्रोकची खूण नाही.

चक्कर कानातली होती. कूस बदलली की घर फिरायचं आणि मिनिटभरात थांबायचं. डॉक्टरांनी टेबलावर आडवं करून मान वळवली, कानातले कण जागेवर गेले, तेव्हापासून एकदा तरी आली का?

एक मात्र खरं. जोडरस्ते कमी असले की उद्या एखादी रोहिणी खरंच बुजली तर पर्याय कमी पडतात. म्हणून आई, भिजवलेले बदाम दे हवं तर, पण बीपीची गोळी चुकू देऊ नकोस. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं जड झालं, तर मला फोन नंतर, १०८ ला आधी. आणि त्याआधी बाबा शेवटचे ठीक कधी होते ती वेळ लक्षात ठेव. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.

एमआरआयची सीडी लाईटबिलांच्या पिशवीत कोंबू नका, पुढे कुठलाही डॉक्टर मागेल. गणपतीला येते आहे. तोवर गूगल बंद.

तुमची,
मीनू