सुई पिशवीलाच जोडलेली असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रक्तदानाचा विषय निघाला की ‘द्यायला काही नाही हो, पण नसता रोग मागे लागायचा’ हे हमखास ऐकू येतं. बोलणारा अडाणी असतो असं नाही. रक्तातून एचआयव्ही, कावीळ पसरते हे त्याने ऐकलेलं असतं, आणि ते खरंच आहे. फक्त तो धोका रक्त घेणाऱ्याला असतो. देणाऱ्याच्या अंगातून रक्त बाहेर जातं, अंगात दुसऱ्याचं काही येत नाही.

राहिली सुई. ती आधी कोणाला टोचलेली असली तर? रक्ताच्या पिशवीला नळी आणि नळीला सुई ही कारखान्यातूनच जोडून येते, निर्जंतुक आणि पाकीटबंद. दात्यागणिक नवी पिशवी, म्हणजे सुईही नवी. रक्त घेऊन झालं की नळी सील करून सुई कापून टाकतात. तीच पुन्हा वापरायची म्हटलं तरी पिशवी भरलेली! तरीही शंका वाटली तर ‘पाकीट माझ्यासमोर फोडा’ असं खुशाल सांगावं. त्यात कोणी राग मानायचं कारण नाही.

अशक्तपणाची भीती त्यामानाने किरकोळ. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं, घेतात ३५० किंवा ४५० मिलिलिटर. त्यातला द्रवभाग एक-दोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात. हिमोग्लोबिन कमी भरलं तर परतच पाठवतात.

काळजी घ्यायची ती अर्ज भरताना. दिलेल्या रक्ताची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, सिफिलिस यांसाठी तपासणी होते खरी, पण अगदी ताजा संसर्ग काही काळ चाचणीत सापडत नाही. म्हणून अर्जात खासगी प्रश्न विचारलेले असतात. मित्र खांद्यावरून डोकावत असताना खरं उत्तर कोण लिहील? आयोजकांनी तिथे थोडा आडोसा करावा. आणि ‘फुकटात तपासणी होऊन जाईल’ म्हणून येणाऱ्यांनी कृपा करून थेट तपासणी केंद्र गाठावं.

दिलेल्या रक्तातल्या प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) साधारण पाचच दिवस टिकतात, त्यामुळे दाते वर्षभर लागतात. नवख्या माणसाला भाषण नि प्रमाणपत्रापेक्षा ती बंद पिशवी हातात घेऊन पाहू दिली, तर तो खुर्चीपर्यंत लवकर पोहोचेल.

आपला,
एक नियमित रक्तदाता