खनिजशोधात फेल गेलेल्या बोअरच्या नोंदीही लोकांपुढे ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या खनिजशोधाच्या बातम्यांत हल्ली एक सूर हमखास असतो: कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणाऱ्या कंपन्या खनिजे झटपट शोधतील, सरकारने फक्त वाटेतून बाजूला व्हावे. हा शोध कोणाच्या पैशावर उभा आहे ते मात्र कोणी सांगत नाही.

संगणकाला शिकायला माहिती लागते. ती १८५१ पासूनच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने, म्हणजे सरकारी खात्याने, पायी फिरून जमवली. कुठे कोणता धातू किती, हे दाखवणाऱ्या भू-रासायनिक नकाशासाठी नाल्यातला गाळ घेतात. दर चौरस किलोमीटरला एक नमुना, आणि असे चार एकत्र करून प्रयोगशाळेत एकच तपासणी. म्हणजे जवळपास हजार एकरांना एक आकडा. धातूची शीर दोन-चार मीटर रुंदीची असली, तर त्या आकड्यात ती सहज बुडते. पूर्व विदर्भात त्यात मामा (माजी मालगुजारी) तलावांची आणि बोड्यांची, म्हणजे लहान तळ्यांची, भर पडते. टेकडीवरून आलेला गाळ तलावातच बसतो, त्यामुळे पाळीखालच्या नाल्यातला नमुना टेकडीबद्दल फारसे काही सांगत नाही. धानाच्या बांध्यांतून उतरणाऱ्या नाल्यात फॉस्फेट खताचे अंश येतात. त्याबरोबर आलेले कॅडमियम, युरेनियम आकडा वाढवू शकतात. अमरावती-यवतमाळकडे तर वर काळ्या खडकाचे थर. तिथला गाळ त्या थरांचाच, खाली काय दडले आहे ते त्यातून कळत नाही. नमुना नेमका कुठे घेतला, वरच्या अंगाला तलाव होता का, शेती होती का, ही क्षेत्रवहीतली नोंद सोबत नसेल, तर कितीही हुशार प्रोग्राम चुकीच्या जागी ‘इथे खनिज’ असा लाल ठिपका लावेल.

आणि ठिपका बरोबर असला तरी बोअर, म्हणजे खडकात खोल भोक पाडून पाहणे, टळत नाही. हिऱ्याच्या बिटाने खडकाचा दंडगोल, म्हणजे गाभा, काढतात, साधारण पावणेपाच सेंटिमीटर जाडीचा. तो पेटीत क्रमाने लावून खोलीच्या खुणा करायच्या, उभा चिरायचा, अर्धा प्रयोगशाळेत पाठवायचा आणि अर्धा जपून ठेवायचा. तीन मीटर खोदून २.७ मीटर गाभा हाती आला तर प्राप्ती ९० टक्के. भेगाळ पट्ट्यात ती निम्म्यावर येऊ शकते, कारण भुसभुशीत भाग पाण्यासोबत धुऊन जातो, आणि पुष्कळदा धातू नेमका त्याच भागात असतो. उपाय ठाऊक आहेत: एका वेळी कमी लांबी खोदणे, पाण्याचा दाब उतरवणे, तिहेरी नळीचा बॅरल वापरणे. पण त्यात वेळ जातो, आणि पैसे मीटरवर मिळत असतील तर ठेकेदाराचा हात घाईकडेच वळतो. खर्च इथे आहे. संगणक शोधाचे क्षेत्र आवळून देतो, हे मोठेच काम आहे, पण भोक तो पाडत नाही.

आता पैसा. १ कोटी रुपयांच्या कोळशावर १४ टक्क्यांनी रॉयल्टी होते १४ लाख. त्याशिवाय रॉयल्टीच्या २ टक्के, म्हणजे २८ हजार, राष्ट्रीय खनिज शोध न्यासाला द्यावे लागत. खाण कायद्याच्या २०२५ च्या दुरुस्तीने हा वाटा ३ टक्के केला, म्हणजे ४२ हजार. वणी-चंद्रपूरच्या कोळशातून निघालेला हा पैसाही देशभराच्या शोधाला जातो, आणि २०२१ पासून अधिसूचित खाजगी संस्थांनाही त्यातून कामे मिळतात. तेव्हा बोअरवर पाटी खाजगी संस्थेची असली, तरी खर्च सार्वजनिक असू शकतो.

२०२३ मध्ये २९ खनिजांसाठी शोध परवाना आला. पुढे खाण लिलावात गेली की प्रीमियमचा, म्हणजे बोलीनुसार सरकारला द्यायच्या जादा रकमेचा, एक हिस्सा शोधणाऱ्याला. जो सर्वांत कमी हिस्सा मागेल त्याला परवाना. कंपन्या स्वतःचा पैसा जोखमीवर लावत असतील तर त्याचे स्वागतच करावे. माझी भीती एवढीच की फार कमी बोली लावणारा पुढे बोअर टाळेल आणि कागदावरचे नकाशे रंगवत बसेल. झांबियात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणाऱ्या कोबोल्ड या अमेरिकन कंपनीच्या तांब्याचे कौतुक होते, आणि त्या कंपनीने खरेच जोरात खोदकाम केले. पण त्या पट्ट्यात तांबे आहे हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या खाणकामातून माहीत होते.

डिसेंबर २०२३ पासून नॅशनल जिओसायन्स डेटा रिपॉझिटरी हे भूवैज्ञानिक माहितीचे सरकारी पोर्टल सुरू आहे. न्यासाच्या पैशातून झालेल्या प्रत्येक बोअरची नोंद ठरलेल्या मुदतीत तिथे यायला हवी, आणि फेल गेलेल्या, म्हणजे काहीच न सापडलेल्या, बोअरची तर आधी. फक्त यशाच्या नोंदींवर शिकलेल्या संगणकाला सगळीकडे धातूच दिसेल, आणि पुढची संस्था त्याच वांझ खडकात पुन्हा जनतेच्याच पैशाने उतरेल.

हीच नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागावी: बोअरचा क्रमांक, गट नंबर, खोली, काम संपल्याची आणि बुजवल्याची तारीख. पिकाच्या नुकसानीची भरपाई खाण कायद्याच्या कलम २४अ मध्ये आहेच. फलकावर तारीख असली तर ती मागताना शेतकऱ्याच्या हाती पुरावा असेल. उघड्या भोकातून वरचे पाणी खालच्या भेगांत उतरते आणि शेजारची विहीर आटू शकते. म्हणून भोक तळापासून वर सिमेंटच्या गाऱ्याने भरत आणायचे असते. तोंडावर दगड ठेवून माती ओढली, तर त्याची ‘बुजवले’ अशी नोंद करू देऊ नये.

आपला,
एक वाचक, ता. पवनी, जि. भंडारा