सूचना : रविवारच्या बैठकीत लोणार

सभासदहो, येत्या रविवारी संध्याकाळी ६ वाजता नेहमीच्या गच्चीवर भूविज्ञानाच्या गप्पा. या खेपेला लोणार. १८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने सरोवराची नोंद केली, आणि पुढे हा खड्डा ज्वालामुखीने झाला की अशनी, म्हणजे आकाशातून पडलेला दगड, आदळून झाला हा वाद चालतच राहिला. १९७३ मध्ये तिथल्या खडकांत मॅस्केलिनाइट, म्हणजे जबरदस्त धक्क्याने काचेसारखं झालेलं फेल्डस्पार हे खनिज, असल्याचं प्रसिद्ध झालं आणि पारडं अशनीकडे झुकलं.

सांगणाऱ्यांनो, अवघड शब्द आला की तिथेच उलगडा. मागच्या वेळी पहिल्या रांगेतल्या आजींना चक्क डुलकी लागली होती! घरी काळ्या दगडाचा वरवंटा असेल तर घेऊन या. बेसॉल्ट, म्हणजे हाच काळा दगड, मुलांच्या हातात द्यायचाय. लोणारचे दगड मात्र आणू नका, ते अभयारण्य आहे.