तीन पानी सूचना आणि एक साकव : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षण व साक्षरता मंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळुरू.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

खानापूर तालुक्यात २८ वर्षं मराठी शिकवून मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. ज्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे ती मराठीच्या वर्गात घडली, म्हणून पत्र मराठीत लिहिलं आहे. सोबत कन्नड भाषांतर जोडलं आहे. हा सीमाप्रश्नाचा अर्ज नाही. मुलांना प्रकल्प किंवा निबंध लिहायला सांगताना आपण त्यांच्या हातात जो सूचनांचा कागद देतो, तो आपण एकदा स्वतः वाचावा, एवढ्यासाठी हे पत्र.

नववीच्या एफएसाठी (फॉर्मेटिव्ह असेसमेंट, म्हणजे शाळेनं वर्षभरात करायचं मूल्यमापन) एका वर्षी ‘आमचे गाव’ हा प्रकल्प होता. सूचना तीन पानांच्या होत्या. कोणी काढल्या आणि कोणत्या टेबलावरून आल्या ते इथे महत्त्वाचं नाही. मुखपृष्ठ रंगीत हवं, किमान आठ पानं, किमान पाच चित्रं, आणि मग मथळे: प्रस्तावना, उद्दिष्टे, भौगोलिक स्थान, लोकसंख्या, व्यवसाय, सण-उत्सव, समस्या, उपाय, निष्कर्ष, ऋणनिर्देश. प्रत्येक मथळ्याखाली किती ओळी लिहायच्या तेसुद्धा दिलेलं. मुलांनी सगळं तंतोतंत पाळलं. माझ्या टेबलावर गठ्ठा आला तेव्हा जवळजवळ प्रत्येक वहीत हे वाक्य होतं: ‘आमचे गाव निसर्गरम्य असून गावात सर्व लोक गुण्यागोविंदाने राहतात.’ कणकुंबीकडच्या मुलाचं गाव निसर्गरम्य, नंदगडच्या मुलाचं गाव निसर्गरम्य, लोंढ्याला रेल्वेच्या रुळांशेजारी राहणाऱ्या मुलीचं गावही निसर्गरम्य. काही प्रकल्प तर झेरॉक्सच्या दुकानातून साठ-सत्तर रुपयांत तयार आणलेले होते. ज्या आईनं रताळी काढायच्या रोजंदारीतून ते पैसे दिले, तिला मी काय बोलणार? कागदावर मागितलेलं सगळं त्या प्रकल्पात होतं.

त्या गठ्ठ्यात एका मुलाचा प्रकल्प वेगळा निघाला. सूचनांमध्ये एक ओळ होती: ‘क्षेत्रनिरीक्षणाधारित माहितीचे विश्लेषणात्मक सादरीकरण करावे.’ त्यानं ‘क्षेत्र’ म्हणजे देवस्थान असा अर्थ घेतला आणि घरच्यांबरोबर सौंदत्तीच्या यल्लम्माला जाऊन आल्यावर तिथलं लिहून आणलं. भंडाऱ्यानं पिवळे झालेले हात, गर्दीत हात सुटू नये म्हणून आजीनं स्वतःच्या पदराला बांधलेली त्याच्या सदऱ्याची बाही, परतीच्या बसमध्ये उभ्या उभ्या झोपलेला बाप. अख्ख्या वर्गात तेवढंच लिखाण मी दोनदा वाचलं. गुणांच्या तक्त्याप्रमाणे त्याला सगळ्यांत कमी गुण द्यावे लागले, कारण तक्त्यातला एकही मथळा त्याच्याकडे नव्हता. सही करताना मला फार वाईट वाटलं. आजही वाटतं.

चूक त्या मुलाची नव्हती. ‘तुम्ही स्वतः जाऊन काय पाहिलंत ते सांगा, आणि ते तसं का असेल ते लिहा,’ असं साधं वाक्य त्याला मिळायला हवं होतं. १९९३ मध्ये यशपाल समितीनं शाळेच्या ओझ्याबद्दल अहवाल दिला. दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचं ओझं जास्त घातक असतं, हे त्यात स्पष्ट म्हटलं होतं. आमच्या मुलांपर्यंत येणाऱ्या सूचना बहुधा कन्नडमध्ये तयार होतात आणि मग घाईघाईनं मराठीत उतरवल्या जातात. कन्नड वाक्य कदाचित चांगलंच असेल. मराठीत येईपर्यंत त्याचा शब्दकोश होतो. घरी ते समजावून सांगणारं कोणी नसतं, आणि बरेचदा वर्गातला शिक्षकही ते दुसऱ्या शिक्षकाला विचारत असतो.

त्या प्रसंगानंतर मी एक चूक केली, तीही सांगायला हवी. चिडून पुढच्या वेळी सगळ्या सूचना बाजूला ठेवल्या आणि फळ्यावर लिहिलं, ‘तुमच्या गावाबद्दल मनाला येईल ते लिहा.’ वाटलं, आता मुलं मोकळी होतील. तास संपला तेव्हा निम्म्याहून जास्त पानं कोरी होती. ज्या दोघा-तिघांच्या घरी पुस्तकं होती, कोणाचा काका शिक्षक होता, त्यांनी भराभर लिहिलं. बाकीची मुलं पेन चावत माझ्याकडे बघत बसली. ‘बाई, किती लिहायचं? बाई, म्हणजे नेमकं काय?’ मनाला येईल ते लिहायला, मनाला आलेलं कागदावर चालतं याची आधी खात्री असावी लागते. सुशिक्षित घरातल्या मुलाला ती जेवणाच्या ताटावर मिळते. चांगला निबंध कसा असतो, कुठून सुरुवात करावी, बाईंना काय आवडतं, हे त्याला न सांगता कळतं. जंगलातल्या वाडीवरून पाच-सहा किलोमीटर चालत येणाऱ्या मुलीला ते कोणीतरी सांगावंच लागतं. ‘सूचना काढून टाका’ अशी मागणी मी कधीच करणार नाही. गरीब मुलाचं त्यात सर्वांत जास्त नुकसान आहे.

मग तिसऱ्यांदा मी स्वतः सूचना लिहिली. ती काही छोटी नव्हती, चांगली अर्धं पान झाली. ‘शिनोळीच्या पलीकडे, चंदगड तालुक्यात राहणारा तुमचा मामेभाऊ भर पावसाळ्यात पहिल्यांदाच तुमच्या गावी एकटा येणार आहे. त्याला पत्र लिहा. बस कुठे सोडेल, पुढे कसं यायचं, कुठे जपायचं, रात्र झाली तर कोणाच्या घरी थांबायचं. तो वाटेत अडकला तर तुमच्या पत्रात काहीतरी राहिलं असं समजा. पुस्तकात नसलेली आणि तुम्हालाच माहीत असलेली एक तरी गोष्ट त्यात हवी. आज कच्चं लिहा, उद्या शेजारच्याला वाचून दाखवा, त्याला जे कळलं नाही ते परवा नीट करा.’ गुण कशाला ते खाली दिलं होतं: वाट कळते का याला निम्मे, स्वतःच्या माहितीला त्यानंतरचे, शुद्धलेखनाला उरलेले.

भीमगड अभयारण्याच्या कडेच्या एका वाडीतल्या मुलीनं, जिनं आधी ‘निसर्गरम्य’वाली आठ पानं दिली होती, या वेळी दोन पानं दिली. मृगाच्या आधी गावातले बाप्ये मोठी लाकडं आणून ओढ्यावर साकव कसा घालतात, वेलींनी कसा बांधतात, ते तिनं लिहिलं होतं. पुढची वाक्यं मला पाठ आहेत: ‘साकवावर दोघांनी एकदम चढायचं न्हाई. आज्जी म्हणती, खाली पाण्याकडं बघायचं न्हाई, पलीकडच्या आंब्याकडं बघत चालायचं. आंबा जवळ आला की साकव संपला.’

महोदय, ‘समस्या’ या मथळ्याखाली हीच मुलगी आधी लिहून गेली होती, ‘आमच्या गावात पुलाची समस्या आहे. शासनाने लक्ष द्यावे.’ दोन्ही कागद मी शेजारी शेजारी ठेवून बघितले. मुलगी तीच, ओढा तोच. पहिल्या वेळी आपण तिला कप्पे दिले आणि तिनं ते भरले. मामेभावाच्या पत्राच्या वेळी तिला वाचणारा माणूस दिला, काम दिलं, आणि आत काय भरायचं ते तिच्यावर सोडलं. सूचना दोन्ही वेळी सविस्तरच होत्या.

मथळे आणि ओळी मोजून देण्याची सवय का लागली, हेही मला कळतं. दहावीला ६२५ पैकी १२५ गुण शाळेच्या हातात असतात: प्रथम भाषेचे २५ आणि बाकी पाच विषयांचे प्रत्येकी २०. ते खिरापतीसारखे वाटले जाऊ नयेत, कोणावर अन्याय होऊ नये, तपासणीला आलेल्या माणसाला फाईल दाखवता यावी, म्हणून मोजता येईल ते मागितलं जातं. पानं मोजता येतात, चित्रं मोजता येतात. आम्ही शिक्षकही त्याच्या आडोशाला बसतो, कारण पानं मोजून दिलेल्या गुणाला कोणी आव्हान देत नाही. हिशेब ठेवायलाच हवा. पण मामेभावाच्या पत्रालाही तक्ता होता, आणि त्याप्रमाणे गुण देताना दोन शिक्षिकांमध्ये आमचा फारसा फरक पडला नाही. आम्ही ते एकमेकींच्या वह्या तपासून पाहिलं.

आणखी एक गोष्ट सीमाभागातल्या शाळेतच नीट दिसते. आमचं मूल मराठीत लिहितं, कन्नडमध्ये लिहितं आणि इंग्रजीतही लिहितं. कन्नडच्या सरांनी मुलांना जत्रेवर लिहायला दिलं तेव्हा आधी शब्दांची यादी दिली, पहिली तीन वाक्यं फळ्यावर दिली, एक पूर्ण नमुना वाचून दाखवला. मुलांनी लिहिलं, आणि आनंदानं लिहिलं. तिथे तेवढा आधार हवाच होता. तोच आधार मी आठ वर्षं मराठी बोलत-लिहीत आलेल्या मुलाला मराठीत दिला असता तर त्याच्या वाटेत दगड झाला असता. जॉन स्वेलर या ऑस्ट्रेलियन मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हेच मांडलं आहे: नवशिक्याला सोडवून दाखवलेल्या उदाहरणानं फार मदत होते, आणि जाणत्याला तीच मदत अडथळा होते. आमचं एकच मूल सकाळच्या तासाला जाणतं असतं आणि दुपारच्या तासाला नवशिकं. सगळ्या भाषांना आणि सगळ्या इयत्तांना एकाच साच्यातला कागद पाठवला तर तो कुठल्या तरी तासाला चुकणारच.

आमच्याकडे कडोली, येळ्ळूर, उचगावसारख्या गावांत दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरतं. शेतकरी माणसं भाताच्या सुगीतून वेळ काढून कवितेला बसतात. अशा मुलखातलं पोर लेखणी हातात घेतल्यावर ‘गुण्यागोविंदाने’च लिहू लागलं, तर ती भाषा त्याच्या घरातून आलेली नाही, एवढं नक्की.

मे महिन्याच्या शेवटी शाळा उघडतील आणि नव्या वर्षाच्या एफएचे कागद त्याआधीच तयार होऊ लागतील. म्हणून आत्ताच विनंती करते. मराठी माध्यमासाठीच्या सूचना मराठी शिक्षकांकडून मुळातून मराठीत लिहून घ्याव्यात, आणि छापण्याआधी नववीच्या चार मुलांना वाचायला देऊन ‘काय करायचंय ते सांग’ असं विचारावं. मुलांना सांगता आलं नाही तर कागद परत जावा. पानांची संख्या, रंगीत मुखपृष्ठ आणि चित्रांची अट पहिल्याच फटक्यात काढता येईल, त्याला एक रुपयाही लागत नाही. उलट आईबापांचे वाचतील. सूचनेबरोबर लिखाणाचे दोन नमुने द्यावेत, आणि ते एकमेकांपेक्षा इतके वेगळे असावेत की नक्कल कशाची करावी असा मुलाला प्रश्न पडावा. कच्च्या लिखाणाला थोडे गुण ठेवावेत, म्हणजे तयार प्रकल्प विकत आणणाऱ्याला तेवढे तरी मिळणार नाहीत. आणि गावाप्रमाणे प्रश्न बदलायची मोकळीक शिक्षकाला लेखी द्यावी. तोंडी दिलेली मोकळीक तपासणीच्या दिवशी कोणाला आठवत नाही.

साकवाच्या त्या दोन पानांची प्रत, मुलीच्या आणि तिच्या आईच्या परवानगीनं, नाव झाकून सोबत पाठवते आहे. कन्नड भाषांतर आमच्या कन्नडच्या सरांनी केलं आहे. ‘साकव’ या शब्दापाशी ते जरा थांबले, मग ‘कालुसंक’ असं लिहिलं. मलनाडात ओढ्यांवर असेच असतात आणि त्यांना हेच म्हणतात, असं ते म्हणाले. आपण ती पानं वाचावीत.

आपली नम्र,
एक निवृत्त मराठी शिक्षिका
खानापूर तालुका, जिल्हा बेळगाव